पटाबाहेरची मुले : बोर्डी, कोसबाड आणि अंगणवाडी

पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात पटसंख्येचा विचार बहुधा वाढीच्या अंगाने होतो. पटावर कोण नाही, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात बोर्डी व कोसबाड येथील प्रयोग या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे पाहिला आहे.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. अस्पृश्यतेचा धाक होता, आईबाप मजुरीवर जात, आणि चार-पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' हे उत्तर त्याही काळी सोपे होते. आजही अहवालांतून ते भेटते. या दोघींनी ते स्वीकारले नाही. शिक्षिका वस्तीत गेल्या आणि तेथल्या अंगणातच वर्ग भरू लागला. 'अंगणवाडी' ही संकल्पना अशी पटातील एका उणिवेतून जन्मली.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. भावंडे पाळणाघरात आली की थोरली बहीण वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांसह सुरू झाली व तिची केंद्रे अंगणवाड्या म्हणून ओळखली जाऊ लागली. पोषण, लसीकरण व शिक्षण एकाच छताखाली आल्याने पटाचे स्वरूपही बदलले. तीन ते सहा वयाचे मूल विद्यार्थी आणि लाभार्थी अशा दोन्ही नात्यांनी नोंदले जाऊ लागले, व व्यवहारात दुसरे नाते वरचढ ठरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा हाच वयोगट धरला. ज्यांना फी परवडते त्यांनी खासगी बालवर्गांची वाट धरली.

१३ डिसेंबर २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालील किमान ४० मुले असलेल्या वस्तीला मागणीनुसार अंगणवाडी मिळण्याचा हक्क मान्य केला. परंतु पालघरच्या पाड्यांवरील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलाचे नाव पाड्यावरच्या पटावर राहते. मूल भट्टीवर असते.