मीठ वाढण्याची भांडी (पनवेल परिसर)

पंगतीत पानावर मीठ वाढण्यासाठी आणि त्याआधी ते घरात राखण्यासाठी वापरायची लहान भांडी. पनवेल, उरण, पेण हा मिठागरांचा मुलूख. तरीही इथल्या जुन्या पंगतीत प्रत्येकापुढे वेगळे मीठपात्र मांडण्याची रीत नव्हती. पानाच्या वरच्या टोकाला मधोमध चिमूटभर मीठ पडे, शेजारी लिंबाची फोड. भांडे वाढप्याच्या हातात राही. ते बहुधा एका मुठीभोवती जोडलेल्या वाट्यांचा चौफुला किंवा पंचपाळे असे. त्यातली एक वाटी मिठाची, बाकीच्या चटणी-लोणच्याच्या. याला साधेपणा किंवा हौसेचा अभाव म्हणणे वरवरचे आहे. मिठाचा स्वभाव आणि कोकणची हवा ही कारणे अधिक सबळ वाटतात. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की पाझरू लागते. खाडीच्या खड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते जेमतेम 33 टक्क्यांनाच ओल ओढते. पावसाळ्यात उघड्या वाटीतल्या मिठाचे पाणी होते, पितळ हिरवे पडते. म्हणून साठवण झाकणाच्या चिनी मातीच्या बरणीत, मडक्यात किंवा लाकडी भांड्यात, काढायला लाकडी चमचा किंवा करवंटी. धातूशी गाठ फक्त वाढण्यापुरती.

यावर चांदीच्या चौफुल्यांचा दाखला देता येईल. पण तेही जेवण आटोपताच रिकामे करून धुवायचे. मिठाने चांदीही डागाळते. युरोपात चांदीच्या मीठपात्राला आतून सोन्याचा मुलामा देत किंवा निळ्या काचेची वाटी बसवत, ते याच धास्तीने. इटालियन सोनार चेल्लिनीने फ्रान्सच्या राजासाठी 1543 मध्ये पुरे केलेले, आज व्हिएन्नात असलेले सोन्याचे मीठपात्र वैभवाचा नमुना आहे, रोजच्या वापराचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोरड्या देशावरही मीठ असेच वाढतात, मग हवेचा संबंध काय? इथे माघार घ्यावी लागते. वाढण्याची पद्धत पंगतीच्या शिस्तीतून आली. एकाच्या उष्ट्या हाताचे भांडे दुसऱ्याला चालत नसे. भांडे कशाचे आणि मीठ त्यात किती वेळ, एवढेच ओलीने ठरवले.

2006 पासून देशात थेट खाण्यासाठी बिनआयोडिनचे मीठ विकायला बंदी आली. न चिकटणारे बारीक मीठ त्याआधीच पिशवीतून येऊ लागले होते, आणि त्यामुळे छिद्रांच्या झाकणाची डबी टेबलावर दिवसभर राहू शकली.