पंच आणि बदनाम संघ : म्युनिक १९७२

मीरा-भाईंदरच्या कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी उभं राहा. ज्या टीमचं नाव आधीच भांडखोर म्हणून झालंय, तिनं पंचाकडे दाद मागितली की आपण सगळे म्हणतो, ‘यांचं नेहमीचंच!’ तक्रार खरी की खोटी, हे बघायला कुणी थांबत नाही. हॉकीच्या इतिहासात हेच एकदा फार मोठ्या मंचावर घडलं.

१० सप्टेंबर १९७२. म्युनिक ऑलिंपिकचा हॉकीचा अंतिम सामना, यजमान पश्चिम जर्मनी विरुद्ध पाकिस्तान. १९२८ पासून हे सुवर्णपदक भारतीय उपखंडाबाहेर गेलं नव्हतं. पाकिस्तान १९६८ चा ऑलिंपिक विजेता आणि १९७१ चा पहिला विश्वविजेता. उपांत्य फेरीत त्यानं आपल्यालाच २-० नं हरवलं होतं. साठाव्या मिनिटाला मिखाएल क्राउझेनं पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि जर्मनी १-० नं जिंकली.

तेव्हाची पंचगिरी कशी होती, ते लक्षात घ्यायला हवं. मैदानावर दोन पंच, प्रत्येकाकडे मुख्यतः आपला अर्धा भाग. ‘डी’मध्ये बचाव करणाऱ्याच्या पायाला चेंडू लागला की नाही, हे एका माणसाची नजर ठरवणार, आणि त्यावर पेनल्टी कॉर्नर. रिप्ले मागायची सोय नाही. म्हणजे संशयाला जागा भरपूर, तो दूर करायला साधन शून्य.

पंच पक्षपाती होते, असं पाकिस्तानी खेळाडूंचं ठाम मत होतं. त्यांनी ते ज्या तऱ्हेनं मांडलं, त्यानं मात्र घात झाला. अधिकाऱ्यांच्या टेबलावर चाल करून जाणं, आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष रेने फ्रँक यांच्या अंगावर पाणी ओतणं, पदकसमारंभात जर्मन झेंड्याकडे पाठ फिरवणं. अकरा खेळाडूंवर ऑलिंपिकची आजन्म बंदी आली. (माफीनंतर ती उठली, आणि १९७६ ला पाकिस्ताननं कांस्यपदक घेतलं.) पण ‘जर्मनीचा गोल बरोबर होता का, पेनल्टी कॉर्नर नीट दिले गेले का’ हा प्रश्न त्या पाण्यातच वाहून गेला. आज म्युनिकची हॉकी म्हटली की पाणी आठवतं, पंचांचे निर्णय नाहीत.

बदनामीचा परिणाम पंचांवर होतो का? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ३८ फुटबॉल पंचांना ५० प्रसंग दाखवले. त्यातल्या काहींना आधी सांगितलं होतं की निळा संघ आक्रमक, फाउल करणारा आहे. ज्यांना हे सांगितलं होतं, त्यांनी निळ्यांना पिवळी आणि लाल कार्डं लक्षणीय जास्त दिली. प्रसंग सगळ्यांनी तेच पाहिले होते, फरक होता तो कानावर पडलेल्या लौकिकाचा.

आता आपल्याकडे बघू. १० फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी सत्तर धावांवर खेळणाऱ्या गावसकरांना पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. त्यात लिलीची भाषा. कर्णधार स्वतः तर निघालाच, पण साथीदार चेतन चौहानलाही बरोबर चल म्हणाला. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुर्राणींनी चौहानला परत पाठवलं, नाहीतर ५९ धावांनी जिंकलेली ती कसोटी आपण सोडून दिली असती. गावसकरांनी पुढे स्वतःच याबद्दल खंत व्यक्त केली. आपण मात्र तो किस्सा वर्षानुवर्षं स्वाभिमानाचा म्हणून सांगत आलो, आणि म्युनिकचा दांडगाईचा म्हणून. गावसकरांनी कुणाच्या अंगावर पाणी ओतलं नाही, हे मान्य. पण पंचाचा निकाल न मानणं दोन्हीकडे होतं, आणि पाकिस्तान आपला प्रतिस्पर्धी नसता तर आपण इतके कडक झालो असतो का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

पुढे हेच दोन संघ पुन्हा एका अंतिम सामन्यात भेटले ते आपल्या मुंबईत, १२ जानेवारी १९८२ ला, विश्वचषकासाठी. पाकिस्तान ३-१ नं जिंकला.