वॉटसनने वही उघडली नव्हती

ग्रुप मीटिंगमध्ये दुसऱ्याचं प्रेझेंटेशन चालू असताना तुम्ही काय करता? खरं सांगा. मी पहिल्या वर्षी लॅपटॉप उघडून स्वतःचे ग्राफ नीट करत बसायचे. एकदा सिनियरने बफर बदललाय असं सांगितलं, ते माझ्या कानावरून गेलं आणि पुढचे तीन आठवडे मी जुन्याच बफरमध्ये प्रयोग करत राहिले. गाईडने फक्त विचारलं, "त्या दिवशी तू मीटिंगला होतीस ना?" होते की! म्हणजे शरीराने तरी.

म्हणून आज डीएनएच्या शोधातली एक जुनी गोष्ट सांगते. दुहेरी सर्पिल तुम्हाला पाठ असेल, पण त्याच्या आधीचं फसलेलं मॉडेल आपल्याला कोणी शिकवत नाही.

२१ नोव्हेंबर १९५१. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन तिचं क्ष-किरणांचं काम मांडत होती. ऐकायला केंब्रिजहून २३ वर्षांचा जेम्स वॉटसन आला होता. स्फटिकशास्त्रात तो नवखा होता, निम्मी परिभाषा त्याला कळत नव्हती. तरी त्याने टिपणं घेतली नाहीत. स्मरणशक्तीवर भरवसा! व्याख्यान चालू असताना आपण तिच्या केसांचा नि चष्म्याचा विचार करत होतो, हेही त्याने पुढे स्वतःच्याच पुस्तकात लिहून ठेवलंय. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच काय ते समजा.

नंतर ऑक्सफर्डला जाताना रेल्वेत फ्रान्सिस क्रिकने त्याला खोदून खोदून विचारलं. क्रिक तेव्हा पस्तिशीतला पीएचडीचा विद्यार्थी होता (वय वाढतंय म्हणून घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी). वॉटसनने आठवेल तसे आकडे सांगितले आणि त्यात डीएनएमधल्या पाण्याचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी होतं. त्या आकड्यांवर दोघांनी मॉडेल उभं केलं: तीन साखळ्या, फॉस्फेट मध्यभागी आणि त्यांना धरून ठेवायला मॅग्नेशियमचे आयन.

काही दिवसांतच किंग्जची मंडळी ते बघायला आली. फ्रँकलिनने चूक लगेच दाखवली. एवढं पाणी असताना मॅग्नेशियमच्या आयनभोवती पाण्याच्या रेणूंचं कवच असणार, मग ते फॉस्फेटना घट्ट धरतील कसे? पाणी शोषलं जातं ते फॉस्फेटपाशी, म्हणजे फॉस्फेट बाहेरच्या बाजूला हवेत. मॉडेल तिथेच संपलं. प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी दोघांना सांगितलं, डीएनए किंग्जवाल्यांवर सोडा.

व्याख्यान संपल्यावर "पाणी नेमकं किती म्हणालात?" एवढं विचारायला वॉटसनला अर्धा मिनिट लागला असता. आपल्याकडे सेमिनारनंतर "काही प्रश्न?" म्हटलं की जी शांतता पसरते, ती आठवा.

पण लक्ष न देणं फक्त श्रोत्याकडूनच होतं असं नाही. किंग्जमध्ये त्याच्या आधीच एक घोळ झाला होता, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. डिसेंबर १९५० मध्ये तिथले प्रमुख जॉन रँडल यांनी फ्रँकलिनला पत्र लिहिलं: क्ष-किरणांच्या प्रयोगांवर सध्या तू आणि रेमंड गॉस्लिंग, एवढेच असाल. गॉस्लिंग पीएचडी करत होता, तोवर मॉरिस विल्किन्सच्या हाताखाली. विल्किन्सला या पत्राचा पत्ताच नव्हता. गंमत म्हणजे फ्रँकलिनला डीएनएवर घ्या असं रँडलना सुचवलं होतं ते विल्किन्सनेच! जानेवारी १९५१ मध्ये ती आली तेव्हा तो सुट्टीवर होता. परतला तो आपल्या कामाला मदत मिळाली असं समजून. तिच्या लेखी मात्र हे काम तिचं स्वतःचं होतं. दोघंही आपापल्या माहितीप्रमाणे बरोबरच वागत होते, आणि दोघांचं कायमचं बिनसलं. ते पत्र विल्किन्सने पाहिलं अनेक वर्षांनी.

गॉस्लिंगचा विचार करा जरा. दोन गाईड एकमेकांशी धड बोलत नाहीत आणि मधे विद्यार्थी! तुमच्यापैकी काहींना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

फेब्रुवारी १९५३ मध्ये मात्र केंब्रिजमध्ये ऐकलं गेलं. पाठ्यपुस्तकातली ग्वानिन-थायमिनची रूपं चुकीची आहेत, असं त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डॉनह्यूने सांगितलं. वॉटसनने ते मानलं, पुठ्ठ्याचे आकार नव्याने जुळवले आणि जोड्या बसल्या. क्रिकला किंग्जच्या एका अहवालातून स्फटिकाची सममिती कळली आणि साखळ्या उलटसुलट दिशांना धावतात हे त्याने ओळखलं. तो अहवाल फ्रँकलिनला न विचारता त्यांच्या हाती आला, हे वेगळं दुखणं. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

अहवाल देणाऱ्या मॅक्स पेरुट्झनी १९६९ साली 'सायन्स'मध्ये खुलासा केला, तो वाचून मी थांबलेच. त्यांचं म्हणणं असं, की त्यातली महत्त्वाची मोजमापं फ्रँकलिनने नोव्हेंबर १९५१ च्या त्या व्याख्यानातच सांगितली होती. वॉटसनने तेव्हा लिहून घेतलं असतं, तर ती क्रिकला पंधरा महिने आधी मिळाली असती.

त्या व्याख्यानासाठी फ्रँकलिनने काढलेली टिपणं आजही शिल्लक आहेत. फॉस्फेट बाहेरच्या बाजूला, असं त्यात लिहिलेलं आहे.