एका पायावर तयार

इसवी सनपूर्व 48. ग्रीसमधल्या फार्सालसच्या मैदानात पाँपीने आपल्या सैन्याला हुकूम दिला: जागचं हलायचं नाही. सीझरची माणसं धावत येतील, दमतील, मग बघू. सीझरचे शिपाई मुरलेले. ते मध्येच थांबले, दम घेतला आणि मग तुटून पडले. पाँपी हरला. पुढे सीझरने या डावपेचाला लिहून नावं ठेवली. माणसाच्या अंगात जन्मजात एक उसळी असते, सेनापतीने ती दाबायची नसते, असं त्याचं म्हणणं. त्या उसळीसाठी त्याने वापरलेला एक शब्द होता ‘अलाक्रितास’.

इंग्रजीतली ‘अलॅक्रिटी’ ती हीच. मुळात लॅटिन ‘अलाकेर’ म्हणजे तरतरीत, उत्सुक. त्याच कुळातला इटालियन ‘अलेग्रो’ आणि पोर्तुगीज ‘अलेग्रे’, दोन्हींचा अर्थ आनंदी. ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे म्हणजे आनंदी बंदर. पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या गोवेकराला हे सांगायला नको.

पंधराव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या शब्दाची खरी मजा लुटली शेक्सपिअरने. त्याचा तिसरा रिचर्ड लढाईच्या आदल्या रात्री वाइन मागवतो आणि नेहमीची उमेद वाटत नाही म्हणून कुरकुरतो. आणि तो ढेरपोट्या फाल्स्टाफ! मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपलेल्या त्याला नोकर थेट टेम्सकाठी नेऊन पाण्यात भिरकावतात. बाहेर आल्यावर तो सांगतो की, या देहाला बुडण्याची भारी हौस आहे. तिथे त्याच्या तोंडी हाच शब्द आहे.

मग मात्र हसू गळत गेलं. संगीतात ‘अलेग्रो’ आधी आनंदी होता, हळूहळू नुसता जलद झाला. आज मेट्रोनोमवर त्याला मिनिटाला साधारण 120 ते 160 ठोके मिळतात, मग सूर रडका का असेना. ‘अलॅक्रिटी’चंही तेच. इंग्रजी वर्तमानपत्रांत पोलीस अलॅक्रिटीने कारवाई करतात, म्हणजे लवकर करतात. हसत करतात, असं कुणीच समजत नाही.

मराठीत ‘तत्परता’ लिहून मोकळं व्हायची सवय आहे. कारवाईच्या बातमीला ती चालेल, ‘तातडी’ तर त्याहून चांगली. पण पंगतीत वाढपी कमी पडताच, कुणी सांगायच्या आत भाताचं पातेलं उचलणाऱ्या भाच्याला तत्पर म्हणणं कोरडं वाटतं. तो एका पायावर तयार असतो. भाषांतर करताना सीझरच्या शिपायांनाही हेच द्यावं.