डझन, स्कोअर आणि इंग्रजांचे शंभर

इंग्रज गेला, आणे-पै गेले, शेर-मण गेले. डझन मात्र हलला नाही. १९५६ च्या कायद्याने वजने-मापे दशमान झाली आणि १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले, तरी अंडी आणि बांगड्या आपण बारांच्याच हिशेबाने मागतो. कारण उघड आहे. बारांचे निम्मे होतात, तिसरा हिस्सा होतो, पाव होतो. दहा केळ्यांचा तिसरा हिस्सा करावयाचा तर सुरीच काढावी लागेल. हा शब्द इंग्रजांचाही मूळचा नव्हे. तो त्यांनी फ्रेंचांकडून घेतला. बारा डझनांचा ‘ग्रोस’ही तिकडचाच, म्हणजे ‘मोठा डझन’. पेन्सिली आणि गुंड्या विकणाऱ्यांना त्याची ओळख निराळी करून द्यावयास नको.

‘स्कोअर’ची कथा याहून रंजक आहे. स्कोअर म्हणजे वीस; पण शब्दाचा मूळ अर्थ खाच. तो उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. मेंढ्या मोजताना दर विसांना काठीवर एक खाच पाडीत, त्यावरून खाचेलाच वीस हा अर्थ चिकटला, असे सामान्यतः मानतात. आपल्या खेड्यांतली जुनी माणसे ‘तीन विसा नि दहा’ असे मोजीत आणि व्यापारी कोडीने हिशेब करीत. यात कोणी कोणाचे उसने घेतले असे मानण्याचे कारण नाही; हातापायांची बोटे दोन्हीकडे वीसच! १६११ च्या इंग्रजी बायबलात माणसाचे आयुष्य तीन विसा आणि दहा असेच सांगितले आहे आणि १८६३ साली गेटिसबर्ग येथे लिंकनने आपल्या राष्ट्राचे वय विसांतच मोजले. क्रिकेटच्या धावाही अठराव्या शतकात काठीवर खाचा पाडून मोजीत. तेव्हा आज ‘स्कोअर किती झाला?’ असे विचारणारा मनुष्य नकळत त्या काठीचीच चौकशी करीत असतो.

ही काठी केवळ मेंढपाळाची राहिली नाही, इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात जाऊन बसली. बाराव्या शतकातील रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने तिची रीत लिहून ठेविली आहे. हजार पौंडांची खाच तळव्याइतकी रुंद, शंभरांची अंगठ्याइतकी, विसांची करंगळीइतकी आणि एका पौंडाची जवाच्या दाण्याइतकी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरावयाची. लांब तुकडा पैसे भरणाऱ्याकडे पावती म्हणून जाई, आखूड तुकडा खजिन्यात राही. पुढे वाद निघाला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहावयाचे. ज्यांना अक्षरओळख नाही अशांच्या देशात याहून चांगली पावती कोणती असणार? एका बाजूने खाच वाढविली तर दुसरी बाजू लगेच साक्ष देई.

पण चांगली रीतही वेळीच सोडावी लागते. या काठ्या बंद करण्याचा कायदा १७८२ साली झाला. जुन्या अधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्या होऊन तो अमलात यावयास १८२६ उजाडले! १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेले ढीग उमरावांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत जाळावयास घेतले. भट्ट्या तापल्या, आग पसरली आणि पार्लमेंटची दोन्ही सभागृहे भस्मसात झाली. या काठ्या शेजारच्या गरिबांना सरपण म्हणून का दिल्या नाहीत, असा टोमणा डिकन्सने १८५५ च्या एका भाषणात मारला. आम्हांला तो रास्त वाटतो.

शंभर हा शब्द तरी निःसंदिग्ध असेल, असे कोणासही वाटेल. परंतु इंग्लंडात कित्येक जिनसांचे शंभर एकशेवीसांचे असत आणि ‘हंड्रेडवेट’ नावाचे वजन तर ११२ पौंडांचे. त्याची वीस वजने म्हणजे एक टन, २२४० पौंड. अशा व्यवहारात शंभर कोणाचे, हे आधी न विचारणाऱ्याची गत काय होत असेल! बिलियनचेही तेच. ब्रिटनमध्ये तो दशलक्ष दशलक्षांचा आणि अमेरिकेत हजार दशलक्षांचा. अखेर १९७४ च्या डिसेंबरात पंतप्रधान विल्सन यांनी सरकारी आकड्यांत अमेरिकन अर्थच वापरला जाईल, असे जाहीर केले. एका उत्तरासरशी सरकारी बिलियन हजारपट लहान झाला.

मात्र आपल्याकडील माणसाला खरी ठोकर लागते ती अंकांची नव्हे, ‘सेव्हरल’ या साध्या शब्दाची. शाळेत त्याचा अर्थ ‘कित्येक’ असा पाठ केलेला असतो. मुळात तो ‘वेगवेगळे’ असा आहे आणि कायद्याने तो जुना अर्थ सोडलेला नाही. कर्जाच्या कागदावर पाच जामीनदार ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ या शब्दांखाली सही करतात, तेव्हा पाचांत वाटून जबाबदारी आपल्याकडे पाचवा हिस्सा आली, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः त्यांतील प्रत्येक जण एकटा सगळ्या रकमेला बांधला जातो. धनकोने त्यांतल्या एकालाच गाठले तर ‘माझा पाचवा हिस्सा घ्या’ असे त्याला म्हणता येत नाही. सगळे पैसे भरून झाल्यावर उरलेल्या चौघांकडे आपापला वाटा मागावयास तो मोकळा असतो. तो मिळवावयाचा कसा, हे ज्याचे त्याने पाहावयाचे.