वृषणकोशाची मेदवृद्धी

वृषणकोशाच्या कातडीखाली चरबी साठत जाण्याचा दुर्मीळ विकार. ही वाढ कर्करोगाची नसते आणि बहुधा दुखतही नाही. चरबीच्या साध्या गाठीला पातळ आवरण असते; इथे ते नसते, त्यामुळे बोटांना सुटी गाठ लागत नाही, मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा लागतो.

गोंदिया जिल्ह्यात अशी सूज दिसली की पहिला संशय हत्तीरोगाचा येतो आणि तो रास्तच आहे. हा तलावांचा, धानाचा जिल्हा पूर्व विदर्भाच्या हत्तीरोगग्रस्त पट्ट्यात मोडतो. तुंबलेल्या गटारांत वाढणारा क्युलेक्स डास या रोगाचे कृमी माणसामाणसांत पसरवतो. कृमींनी लसिकावाहिन्या बिघडल्या की पुरुषांच्या वृषणाभोवती पाणी साठून जलवृषण होऊ शकते. लोक त्याला हायड्रोसील म्हणतात. रक्तातले सूक्ष्म कृमी रात्री सापडतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्रीच दारोदार फिरतात.

पाणी की चरबी, याचा पहिला अंदाज साध्या टॉर्चने येतो. अंधाऱ्या खोलीत सुजेला टॉर्च टेकवला की जलवृषणातले पाणी लालसर उजळते. चरबीचा गोळा बहुधा काळाच राहतो. मात्र जुन्या हायड्रोसीलची भिंत जाड झाली की तोही उजळत नाही. खोकल्यावर फुगणारी सूज हर्नियाची असू शकते. म्हणून सोनोग्राफी हवीच. तिच्यात वृषण आणि भोवतालची चरबी वेगवेगळी दिसते. शंका उरली तर एमआरआय करतात. चरबीच्या पेशींचा कर्करोगही क्वचित याच जागी होतो, त्यामुळे काढलेल्या चरबीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी टाळू नये.

वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सियस कमी तापमान लागते. चरबीच्या थराने ऊब वाढली तर शुक्राणूंच्या निर्मितीवर परिणाम होऊ शकतो. मूल होत नाही म्हणून बायकोच्याच तपासण्या करत बसणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

लहान, त्रास न देणाऱ्या वाढीवर नुसते लक्ष ठेवले तरी चालते. चालताना घासणारी, ओढ देणारी चरबी शस्त्रक्रियेने काढतात. वृषण शाबूत राहतात. हत्तीरोगाच्या गोळ्यांनी ही चरबी उतरत नाही. हत्तीरोगाच्या औषधवाटप मोहिमेतल्या गोळ्या तरीही घ्याव्यातच, आणि सूज लाजेपोटी धोतरात वा पॅन्टमध्ये लपवून न ठेवता डॉक्टरांना दाखवावी.