सर्वज्ञ परमेश्वर आणि मानवाचे इच्छास्वातंत्र्य

पवित्र सप्ताहात आम्हाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. पेत्र आपल्याला तीन वेळा नाकारील, हे प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्रीच सांगितले होते. मग पेत्राला वेगळे वागणे शक्य होते काय? नसेल, तर त्याचा दोष कोणता? असे विचारणारा भाविक बहुधा पेत्राविषयी नव्हे, स्वतःविषयी विचारीत असतो.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी इच्छास्वातंत्र्यावरील आपल्या संवादग्रंथात याचे उत्तर दिले आहे. आपल्या स्मरणामुळे जशा गतकाळातील गोष्टी घडलेल्या नसतात, तसे परमेश्वराच्या ज्ञानामुळे आपले भावी कृत्य घडत नाही. ते आपण स्वेच्छेने करणार, हेच तो जाणतो.

प्रवचनांत यासाठी आईचा दाखला दिला जातो : लेकरू काय करील हे आई ओळखून असते, पण त्याला भाग पाडीत नाही. आम्हीही तो दिला आहे. तथापि तो लंगडा आहे. आईचा अंदाज चुकू शकतो, परमेश्वराचे ज्ञान चुकत नाही. खरी अडचण तेथेच आहे.

इ. स. ५२४च्या सुमारास मृत्युदंडाच्या छायेत कारावास भोगणाऱ्या बोएथियसने या अडचणीला हात घातला. परमेश्वर काळाच्या प्रवाहात नाही. त्याला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही, सर्व काळ त्याच्यासमोर एकत्रच वर्तमान आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. वाटेवरच्या वाटसरूला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावर उभ्या असलेल्याला मात्र संपूर्ण वाट एकाच वेळी दिसते. वाटसरू डावीकडे वळताना त्याला दिसतो. परंतु वळतो तो वाटसरूच.

परमेश्वर केवळ पाहणारा नाही, तो कृपेने अंतःकरणाला प्रेरणाही देतो. मग संमती कोणाची? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट केले की, पतनानंतरही मानवाची स्वतंत्र इच्छा नष्ट झालेली नाही आणि तो कृपेला नकार देऊ शकतो. परंतु हे कसे घडते, यावर येशूसंघीय लुईस दे मोलिना यांच्या १५८८च्या ग्रंथानंतर डॉमिनिकन पंडितांशी तीव्र वाद पेटला. रोममध्ये अनेक वर्षे चर्चा झाली. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही मतांस मोकळीक दिली आणि एकमेकांस पाखंडी ठरविण्यास मनाई केली. अंतिम निर्णय आजतागायत दिला गेलेला नाही. आम्हाला यात ख्रिस्तसभेचे शहाणपण दिसते.

पेत्राकडे परतू. संत लूकच्या शुभवर्तमानात (२२:३१–३४) नाकारण्याचे भाकीत येण्यापूर्वीच प्रभू सांगतो की, त्याने पेत्राच्या विश्वासासाठी प्रार्थना केली आहे. आणि माघारी वळल्यावर पेत्राने आपल्या बंधूंना स्थिर करावे, अशी आज्ञाही देतो. पेत्राचे पतन प्रभूला ठाऊक होते, तसेच त्याचे परतणेही.